खड्ड्याचं काम पाच वॅटचं : राइस मिलमधला बॅटरीवरचा पंप

जुलैतल्या एका सकाळी साडेसहाला फोन आला. "भाऊ, इन्व्हर्टर नवीन हाय, बॅटरी फुल दाखवते, अन् खड्डा पुरा पाण्यानं भरला. मी रात्रभर बादलीनं काढून राहिलो. तुम्ही एकदा येऊन पाहा."

बोलणारे एका छोट्या राइस मिलचे मालक. भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला, माजी मालगुजारी तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाच्या) पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, त्यांचं गाव आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी मोटर रिवाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्ती करतो. हे सगळं प्रकरण मी वहीत आकड्यांसह टिपून ठेवलं होतं. आमच्याकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ, आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी येणाऱ्याही पुष्कळ. म्हणून ते सविस्तर मांडतो.

मी पोचलो तेव्हा लाईन आलेली नव्हती. आदल्या रात्री नऊच्या सुमारास वादळ झालं, कुठेतरी झाड तारांवर पडलं, आणि लाईन आली ती दुसऱ्या दिवशी अकराला. एकूण चौदा तास. खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ तळापासून १ मीटर ४० सेंमीवर होती.

ज्यांनी मिल आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतकऱ्याचं धान ज्या हौदात ओततात तो जमिनीच्या पातळीवर असतो. तिथून ते खाली खड्ड्यात, एलिव्हेटरच्या बुटात, म्हणजे धान वर चढवणाऱ्या यंत्राच्या तळाच्या पेटीत, पडतं. बुटातून पट्ट्यावरचे डबे ते उचलून वर शेलरकडे, म्हणजे धानाचं टरफल काढणाऱ्या यंत्राकडे, नेतात. एलिव्हेटरची मोटर वर असते, ती वाचते. पण खालची पुली, तिचे बेअरिंग, पट्टा आणि बुटात राहिलेलं धान हे सगळं खड्ड्यात. या मिलचा खड्डा दीड मीटर लांब, १ मीटर २० सेंमी रुंद आणि २ मीटर १० सेंमी खोल. एका कोपऱ्यात पाणी गोळा व्हायला ६० बाय ६० चा, ४५ सेंमी खोल कुंड. त्यात अर्ध्या एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल पंप, फ्लोट स्विचसकट (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा आणि उतरलं की बंद करणारा स्विच). लाईन असली की ही व्यवस्था नीट चालते. गेली सहा वर्षं चालली होती.

त्या रात्री बेअरिंग पाण्याखाली गेले, पट्टा भिजून फुगला, बुटातल्या एचएमटी जातीच्या धानाला दोन दिवसांत मोड आले. मिल तीन दिवस बंद राहिली. त्या तीन दिवसांत भरडाईला आलेल्या माणसांना परत पाठवावं लागलं, याचं मालकांना बेअरिंगपेक्षा जास्त वाईट वाटत होतं.

मला मात्र सगळ्यात आधी दुसरीच गोष्ट बोलायची होती. रात्री ते टॉर्च घेऊन कमरेभर पाण्यात उतरले होते. पंपाचा प्लग तसाच जोडलेला. लाईन कोणत्याही क्षणी आली असती. वर लाकडी झाकण अर्धं बंद, आत कुजका कोंडा. ओलं धान्य सडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि अशाच खड्ड्यात तळाशी साचतो. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, बेअरिंग बाजारात भेटते." वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं आणि पुढच्या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त मदत त्यांचीच झाली. त्याच दिवशी पंपाच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लाईन तोडणारा स्विच) बसवली, अर्थिंगचा खड्डा उकरून पाहिला (तार गंजून तुटलेली होती) आणि नियम ठरवला: झाकण अर्धा तास उघडं ठेवल्याशिवाय, प्लग काढल्याशिवाय आणि वर दुसरं माणूस असल्याशिवाय कोणीही खाली उतरायचं नाही.

आता इन्व्हर्टरकडे. महिनाभरापूर्वी त्यांनी ९०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी घेतली होती. अर्धा एचपी आरामात उचलेल, असं दुकानात सांगितलं होतं. हिशेब वरवर बरोबर वाटतो. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट, आणि इन्व्हर्टर ९०० चा. पण ३७३ वॅट ही मोटरच्या शाफ्टवरची ताकद. छोट्या सिंगल फेज मोटरची कार्यक्षमता कमी असते, त्यामुळे ती लाईनकडून जवळजवळ दुप्पट घेते. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचा) लावला तेव्हा चालू मोटर ३.४ अँपिअर घेत होती, म्हणजे सुमारे ७०० वॅट. आणि सुरू होतानाचा झटका १६ अँपिअरचा. २३० व्होल्टवर तो ३६८० व्हीए होतो. ९०० च्या इन्व्हर्टरने तो झेलणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री झालं ते असं. फ्लोट वर आला, पंपाने झटका मारला, इन्व्हर्टर ओव्हरलोडवर बंद पडला. थोड्या वेळाने त्याने आपोआप पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. असे काही प्रयत्न झाले की हे इन्व्हर्टर स्वतःला कुलूप लावून घेतात आणि हाताने रीसेट केल्याशिवाय उठत नाहीत. म्हणून सकाळी बॅटरी भरलेलीच होती. इन्व्हर्टर खराब नव्हता. त्याला चुकीचं काम दिलं होतं.

मालकांचा प्रश्न सरळ होता. मोठा इन्व्हर्टर घ्यायचा का? २ केव्हीएचा साइन वेव्ह, दोन बॅटऱ्यांचा? तसं सांगून मी तेव्हाच मोकळा झालो असतो, आणि पंप चाललाही असता. पण तो किती तास चालेल, हे मला सांगता येत नव्हतं. कारण खड्ड्यात पाणी किती येतं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. सहा वर्षं पंप चालत होता, पाणी कोणी मोजलं नव्हतं.

मोजणं अवघड नाही. खर्च शून्य. कुंड रिकामं करा, पंप बंद ठेवा, सेंमीच्या खुणा केलेली लाकडी पट्टी उभी करा आणि घड्याळ लावा. १ चौरस मीटर जागेत पाणी १ सेंमी चढलं की ते १० लिटर. आमच्या कुंडाचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे सेंमीला ३.६ लिटर. कोरड्या दिवशी, तलाव सांडव्याला लागलेला असताना, १० सेंमी चढायला ३ मिनिटं लागली. मिनिटाला १२ लिटर. वहिनींनी हे सकाळ-संध्याकाळ आठ दिवस मोजलं, धानाच्या पावत्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर. आकडा ११ आणि १२ च्या मध्येच राहिला.

मग एका संध्याकाळी जोराचा पाऊस आला आणि तेच १० सेंमी ८३ सेकंदांत चढले. मिनिटाला २६ लिटर.

इथे मला थांबावं लागलं. तलावाचा पाझर एका पावसाने असा दुप्पट होत नाही. त्याला जमिनीतून यायला वेळ लागतो. हे पाणी वरून, जवळून येत होतं. छत्री घेऊन बाहेर गेलो तर टिनाच्या छपराची पन्हळ खड्ड्याच्या बाहेरच्या भिंतीला लागूनच पाणी ओतत होती. छपराचा तो उतार १२ मीटर बाय ९ मीटर, १०८ चौरस मीटरचा. त्यावर ५० मिमी पाऊस पडला की ५४०० लिटर पाणी होतं, आणि ते सगळं खड्ड्याच्या मागे मुरत होतं. दुसऱ्या दिवशी अठरा फूट पीव्हीसी पाइप लावून ते पाणी रस्त्याच्या नालीत सोडलं आणि भिंतीलगत मुरूम दाबून बाहेर उतार दिला. पुढच्या तशाच पावसात १० सेंमीला २ मिनिटं २५ सेकंद लागली. मिनिटाला १५ लिटर. या प्रकरणात सर्वांत स्वस्त काम हेच होतं आणि मला विचाराल तर सर्वांत मोठंही. बॅटरीला हात लावायच्या आधी तिच्यावरचा पावसातला भार जवळपास निम्मा झाला.

मालकांचे वडील, ज्यांना वहिनी मामाजी म्हणतात, हे सगळं खाटेवर बसून पाहत होते. ते म्हणाले, "माह्या बापाच्या वक्ती इथं धानाची बांधी होती. तलाव भरला का इथं आपोआप पाणी उभं राह्यचं. विहिरीत पाहा, मंग समजन." अंगणातल्या विहिरीत दोर सोडून मोजलं. विहिरीतलं पाणी आणि त्या रात्रीची खड्ड्यातली रेघ जवळजवळ एकाच पातळीवर. म्हणजे खड्डा भरत भरत १ मीटर ४० ला थांबला, कारण बाहेरचं पाणीच तिथवर होतं. त्यांच्या त्या एका वाक्याने माझा पुढचा हिशेब बदलला.

कसा, ते सांगतो. आत येणारं पाणी आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर अवलंबून असतं. कुंड तळापर्यंत कोरडं ठेवलं तर फरक मोठा, पाणी जोरात येतं. आत थोडं पाणी उभं राहू दिलं तर फरक कमी, पाणीही कमी. बेअरिंग खड्ड्याच्या तळापासून ३५ सेंमीवर आणि बुटाचा तळ २० सेंमीवर आहे. लाईन असताना खड्डा कोरडा राहावा हे ठीक, पण बॅटरीवर असताना तळावर चार बोटं पाणी राहिलं तर कोणाचं काही बिघडत नाही. तसं करून मोजलं. खड्ड्याचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर, सेंमीला १८ लिटर. ५ सेंमी चढायला सव्वानऊ मिनिटं लागली. मिनिटाला पावणेदहा लिटर. १२ चे पावणेदहा झाले, फक्त पातळी बदलून.

किती वेळ हातात असतो हेही त्याच आकड्यांतून निघालं. रिकाम्या कुंडापासून बेअरिंगपर्यंत भरायला साधारण ७९० लिटर पाणी लागतं. कोरड्या दिवशी तासाभरात, त्या जुन्या पावसाच्या वेगाने अर्ध्या तासात. म्हणून डिझेल इंजिनाचा किंवा जनरेटरचा विचार मी सोडून दिला. रात्री दोनला लाईन गेली तर कोणीतरी जागं होऊन, अंधारात येऊन, हँडल मारेपर्यंत पाणी पोचलेलं असेल. माणसाच्या झोपेवर अवलंबून असलेली व्यवस्था इथे नको होती.

आता मुख्य हिशेब. मिनिटाला १२ लिटर पाणी २.६ मीटर वर चढवायचं (खड्डा आणि वरची पाइपाची मान मिळून). याला शुद्ध ताकद लागते सुमारे ५ वॅट. हा आकडा मी तीनदा काढून पाहिला. घरातला एलईडी बल्ब ९ वॅटचा असतो. खड्ड्याचं खरं काम बल्बाहून लहान आणि आपण त्याला ७०० वॅटची मोटर लावलेली. लाईनवर चालतं तोवर याचं काही वाटत नाही. बॅटरीवर प्रत्येक वॅटचा जाब द्यावा लागतो.

जुना पंप मिनिटाला १२० लिटर फेकत होता (२० लिटरची बादली १० सेकंदांत भरली). म्हणजे १२ लिटर येत असताना त्याला दहातलं एकच मिनिट चालायचं. ते एक मिनिट तो ७०० वॅट घेतो. इन्व्हर्टरमधलं नुकसान धरलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ७० अँपिअरच्या वर. सरासरी सव्वासात अँपिअर, आणि इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी घेतो ते सव्वा अँपिअर वेगळे. साडेआठ अँपिअर. १५० एएच बॅटरीतून अर्धीच, म्हणजे ७५ एएच वापरायची, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. पावणेनऊ तास होतात, कागदावर. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बॅटरीवर लिहिलेले १५० एएच हे २० तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने काढले तर मिळतात. ७० अँपिअरने ओरबाडले तर मिळत नाहीत. मोठा इन्व्हर्टर घेऊन दोन बॅटऱ्या लावल्या तरी हिशेब फार तर सोळा-सतरा तासांवर जातो. चौदा तासांची रात्र आम्ही नुकतीच पाहिली होती.

म्हणून मी दुसरा रस्ता सुचवला. जुना पंप लाईनवर तसाच राहू दे. त्याच्या बाजूला १२ व्होल्टचा डीसी पंप लावू, नावेच्या तळातलं पाणी काढायला वापरतात तसा. तो बॅटरीवर थेट चालतो. इन्व्हर्टर मधे नाही, सुरुवातीचा मोठा झटका नाही. पंप नागपूरहून आणला. डब्यावर ताशी २००० गॅलन लिहिलेलं. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचं, म्हणजे मिनिटाला १२६ लिटर. पण हा आकडा पाणी जिथल्या तिथे, शून्य उंचीवर सोडलं तरचा असतो. या पंपांचा जोर उंचीबरोबर झपाट्याने उतरतो. आमच्या खड्ड्यात, पाइपासकट, बादली भरायला ३५ सेकंद लागले. मिनिटाला ३४ लिटर, ८ अँपिअरवर.

३४ हा आकडा ऐकून मालक नाराज झाले. "जुना तं एकशे वीस देते, भाऊ." देते, हे खरं. पण येणारं पाणी १२, आणि बंदोबस्तानंतर पावसातही १५. ३४ पुरेसे होते. १० लिटर येत असतील तर हा पंप तासातले १७-१८ मिनिटं चालतो, सरासरी २.४ अँपिअर. ७५ एएचमध्ये ३१ तास. पावसात, पातळी वर धरल्यावर, १२ लिटर येतात असं धरलं तरी २७ तास. त्याच एका बॅटरीवर, जी त्यांच्याकडे आधीच होती. ढगफुटीसारख्या पावसात ३० च्या वर पाणी आलं तर हा पंप कमी पडेल. मी हे त्यांना वहीत लिहून दिलं आणि तळाशी सही केली.

जोडणीत वेळ गेला तो तारेत. पहिल्या दिवशी मिलमध्ये पडलेली १ चौरस मिमीची तार वापरून चाचणी घेतली, कारण ८ अँपिअर म्हणजे काही फार नाही असं वाटलं. बादली भरायला ५० सेकंद! मीटर लावला तर पंपाच्या टोकाला पावणेदोन व्होल्ट कमी. २३० मध्ये दोन व्होल्ट गेले तर कोणाला कळत नाही, १२ मध्ये दोन गेले तर सहावा हिस्सा गेला. बॅटरी खड्ड्यापासून ७ मीटरवर, जाऊन-येऊन १४ मीटर तार. ४ चौरस मिमीची तांब्याची तार टाकली, घट अर्ध्या व्होल्टवर आली आणि बादली ३५ सेकंदांवर.

दुसरी बाब फ्लोट स्विचची. बाजारात मिळणाऱ्या फ्लोटवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण ते एसीसाठी. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे संपर्क सुटताना ठिणगी विझते. डीसीत ती रेंगाळते आणि पॉइंट चिकटतात. चिकटले की पंप कोरडा चालून जळतो. म्हणून फ्लोटने फक्त रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालवायचा आणि रिलेने पंप. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात हेडलाईटचा १२ व्होल्टचा रिले मिळतो, तोच लावला. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. वीतभरच, कारण फ्यूजच्या आधीच्या तारेला कोणी राखणदार नसतो आणि अशी बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल होते.

डीसी पंपाचा फ्लोट तळापासून ८ सेंमीवर चालू, तळाला आल्यावर बंद. जुन्या पंपाचा त्याच्या खाली, कुंडात. त्यामुळे लाईन असताना पाणी वरच्या फ्लोटपर्यंत येतच नाही. लाईन गेली, जुना पंप जळला, त्याचा फ्लोट अडकला, आरसीसीबी पडली, कारण काहीही असो, पाणी ८ सेंमीवर आलं की दुसरा पंप उठतो. त्याला लाईन आहे की नाही हे विचारायची गरजच नाही. ८ सेंमीच्या पट्ट्यात १४४ लिटर मावतात, म्हणून तो सहा मिनिटं चालून चौदा मिनिटं विश्रांती घेतो. दर मिनिटाला चालू-बंद होणारा पंप लवकर मरतो. दोन्ही पंपांचे पाइप वेगळे आणि प्रत्येकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. एकाच पाइपात जोडले असते तर एकाने चढवलेलं पाणी दुसऱ्यातून परत खड्ड्यात पडलं असतं.

जुना इन्व्हर्टर टाकून दिला नाही. तो आता फक्त बॅटरी चार्ज करतो आणि मिलमधले दोन एलईडी बल्ब चालवतो. बॅटरी मिलच्या आत ठेवायची नव्हती. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत तरंगणारा कोंड्याचा बारीक भुसाही ठिणगीने पेट घेऊ शकतो. पडवीत, लाकडी फळीवर, उघड्या हवेत ठेवली. वहिनींना हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता दाखवणारी नळी) वाचायला शिकवलं: पूर्ण भरल्यावर १२४० च्या आसपास, आणि पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड. विहिरीचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही.

सोलर पॅनलबद्दल मालकांनी विचारलं होतं. मी तूर्तास नको म्हटलं. आमची गरज सगळी आषाढ-श्रावणातली, ढगांतली आणि रात्रीची.

पहिली चाचणी ठरवून केली. सकाळी मेन स्विच पाडला आणि सहा तास तसाच ठेवला. वहिनींनी प्रत्येक वेळचं चालू-बंद लिहिलं. अठरा वेळा पंप उठला, हिशेबात अठराच येत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी खरी अडचण आली आणि ती विजेची नव्हती. रात्री अडीचला पोत्याची सुतळी डीसी पंपाच्या जाळीतून आत ओढली गेली आणि पंख्याला गुंडाळली. लाईन गेलेली. पंप घुमत होता, पाणी निघत नव्हतं. फ्यूज उडाला. बातमी कळली ती भोंग्यामुळे. तिसरा एक फ्लोट मी १५ सेंमीवर लावला होता, त्यावर मोटरसायकलचा १२ व्होल्टचा हॉर्न, साठ मीटरवरच्या घराच्या दिशेने तोंड करून. त्याचा फ्यूज आणि तार पंपापासून वेगळी ठेवली होती. हॉर्न वाजला, दोघंही उठून आले. जुन्या पंपाचा प्लग काढला, झाकण उघडून थांबले. ती वाट पाहणं त्यांना फार जड गेलं असणार, पाणी डोळ्यांसमोर चढत होतं. पण थांबले. मग पंप पाइपाला धरून वरूनच ओढून काढला, सुतळी कापली, फ्यूज बदलला. पाणी २९ सेंमीपर्यंत गेलं होतं. बेअरिंग ३५ वर.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मालकांनी त्या घटनेतलं भोंग्याबद्दलच जास्त सांगितलं. मलाही आता तसंच वाटतं. कोणाकडे पंपासाठी पैसे नसतील तर आधी हॉर्न आणि फ्लोट लावा, असं मी सांगतो. पंपाभोवती मग आम्ही मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा पिंजरा केला, विटांवर उभा, आणि दर सोमवारी तो धुवायचा असं ठरलं. पिंजऱ्याने बादलीचा वेळ ३५ वरून ३७ सेकंदांवर गेला, तेवढं चालतं. वहिनींच्या त्या वहीत मागच्या पानांवर सोमवारच्या खुणा आहेत. दोन सोमवार चुकलेले दिसतात, तेही त्यांनी प्रामाणिकपणे कोरे ठेवलेत.

सप्टेंबरात परत एकदा रात्री लाईन गेली, या वेळी अकरा तास, अधूनमधून पाऊस. सकाळी मी मुद्दाम गेलो. खड्ड्यात तळावर चार बोटं पाणी, बूट कोरडा. पंप थांबवून, बॅटरीला तासभर विसावू देऊन मोजलं तर १२.४ व्होल्ट. हिशेबाने तीसेक एएच खर्च झाले असावेत, व्होल्टेज त्याच्याशी जुळत होतं. लाईन आल्यावर दुपारपर्यंत ती पुन्हा भरली. त्या दिवशी मिल नेहमीच्या वेळी सुरू झाली आणि मामाजींनी मला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

खड्ड्याच्या भिंती आतून वॉटरप्रूफ कराव्यात का, हा विषय अजून बाकी आहे. गवंडी आतून प्लास्टर करून देतो म्हणतो. बाहेर दीड मीटर पाणी उभं असताना आतून केलेलं प्लास्टर पाणी ढकलून पाडतं, म्हणून ते काम मे महिन्यात, विहीर खाली गेल्यावरच करायचं. आणि केलं तरी कुंड बुजवायचं नाही, असं मी सांगून ठेवलंय. पाझर कमी होईल, पूर्ण थांबेल असं मी धरत नाही.

डिसेंबरात तलावाचं पाणी उतरलं तेव्हा वहिनींनी शेवटचं मोजमाप घेतलं. १० सेंमीला १२ मिनिटं, मिनिटाला ३ लिटर. त्यांनी डीसी पंप काढून गोड्या पाण्याने धुतला, सावलीत वाळवला आणि शेलरच्या मागे खिळ्याला टांगला. हॉर्न मात्र जागेवरच ठेवलाय.